बेसिनमधील दुर्गंध : औषध ओतण्यापूर्वी कारण शोधावे

वैशाखातील लग्नसराई आटोपून पुण्याच्या मार्केट यार्ड परिसरात राहणारे एक भुसार व्यापाऱ्याचे कुटुंब मारवाडातील आपल्या मूळ गावाहून परतले. महिनाभर बंद असलेल्या पाचव्या मजल्यावरील घराचे कुलूप उघडताच सर्वांच्या नाकाला रुमाल लागले. स्वयंपाकघर स्वच्छ होते, कचऱ्याचा डबा रिकामा होता, फ्रीजही पुसून ठेवलेला होता. दुर्गंध येत होता तो स्नानगृहांतून, आणि तेथेही विशेषकरून हात धुण्याच्या बेसिनमधून.

अशा वेळी बहुतेक घरांत जे होते तेच येथे झाले. धाकट्या चिरंजीवांनी शौचालय स्वच्छ करण्याच्या द्रावणाची बाटली बेसिनमध्ये उपडी केली. वास हटेना म्हणून पाठोपाठ कपड्यांचे डाग काढण्याचे ब्लीच ओतले. क्षणार्धात डोळे चुरचुरू लागले, घसा आवळल्यासारखा झाला आणि शेजारच्या खोलीत टेकलेल्या आजींना खोकल्याची उबळ आवरेना. मोठ्या सूनबाईंनी प्रसंगावधान राखून सर्वांना बाहेर गॅलरीत नेले, जाता जाता खिडक्या उघडल्या. थोडक्यात निभावले. खोकला थांबल्यावर आजींनी एकच प्रश्न विचारला, ‘‘वास कुठून येतो ते आधी कोणी पाहिलं का?’’

कोणीही पाहिले नव्हते.

शौचालयासाठीच्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली रणांगणावर विषारी अस्त्र म्हणून वापरला गेला तो हाच वायू. बंद स्नानगृहात त्याची थोडी मात्राही फुप्फुसांना इजा करू शकते. दम्याचे रुग्ण, वृद्ध आणि लहान मुले यांना धोका अधिक. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावणही ब्लीचमध्ये मिसळू नये, त्यातूनही विषारी वायू निघतात. चुकून असे घडलेच तर तेथे थांबून सावरासावर करू नये. आधी मोकळ्या हवेत जावे, डोळ्यांत गेले असल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावे आणि खोकला वा धाप न थांबल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे वयस्कर प्लंबर आले. त्यांनी कोणतेही औषध मागितले नाही. एक बादली आणि एक मग मागितला. घरात तीन बेसिन होती आणि तासाभरात असे आढळले की तिन्हींच्या दुर्गंधाची कारणे वेगवेगळी आहेत.

पहिले बेसिन पाहुण्यांच्या खोलीतील. बेसिनच्या खाली पेल्यासारखा जो चकचकीत भाग दिसतो त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. बेसिनमधले पाणी मधल्या नळीने या पेल्यात उतरते, बाजूने वर चढते आणि वरच्या तोंडातून भिंतीतील नळीकडे जाते. पेल्याच्या तळाशी थोडे पाणी नेहमीच शिल्लक राहते आणि मधल्या नळीचे टोक त्यात बुडालेले असते. सांडपाण्याच्या नळीतील कुजकी हवा घरात येऊ न देणारा पहारेकरी म्हणजे हे शिल्लक पाणी. त्याची उंची सुमारे ५० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन इंच. नळ महिनाभर उघडलाच नाही आणि वर उन्हाळा असला, तर हे पाणी वाफ होऊन उडून जाते आणि गटाराची वाट थेट शयनगृहापर्यंत मोकळी होते. प्लंबरने त्या बेसिनमध्ये दोन मग पाणी सावकाश ओतले. काही मिनिटांत तेथील वास ओसरला. ज्यासाठी आदल्या दिवशी दोन बाटल्या रिकाम्या झाल्या आणि एका वृद्धेचा जीव घुसमटला, त्याचा उपाय दोन मग पाण्याचा होता.

या साध्या जलबंधाला मोठा इतिहास आहे. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यातील नळीला त्याने वळण देऊन पाणी अडवले होते, आणि आज घराघरांत असलेल्या सर्व ट्रॅपांचे मूळ त्या वळणात आहे. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीत साचलेल्या मैल्याच्या दुर्गंधाने लंडनच्या संसदेलाही काम करणे अवघड झाले, तेव्हा कोठे त्या शहरात भुयारी गटारांची मोठी योजना हाती घेतली गेली. दुर्गंधामुळेच रोग होतात, अशी त्या काळी समजूत होती. ती चुकीची ठरली, परंतु तिच्यामुळे गटारे मात्र बांधली गेली.

या वासात मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. रसायनशास्त्राची पुस्तके त्याला कुजक्या अंड्याची उपमा देतात. ज्या घरांत अंडे कधी आलेच नाही तेथे ती उपमा निरुपयोगी. काळ्या मिठाचा, म्हणजे पादेलोणाचा डबा उघडताच जो दर्प येतो, त्याच जातीचा हा वास. किराणा-भुसाराच्या दुकानात बसणाऱ्यांना तो ओळखायला अडचण पडू नये. जेथे हवा पोहोचत नाही अशा साचलेल्या घाणीत सूक्ष्म जीवाणू तो निर्माण करतात. नाकाला त्याची सवय होते हे आणखी एक संकट. घरच्यांना काही दिवसांनी तो जाणवेनासा होतो आणि आलेला पाहुणा मात्र बेसिनपाशी जाऊन अवघडतो.

दुसरे बेसिन घरातील मुख्य स्नानगृहातले, एरवी रोज वापरात असलेले. त्यात पाणी ओतूनही दुर्गंध कायम राहिला. प्लंबरने बेसिनच्या तोंडाची जाळी उचलली, आत जुना दातांचा ब्रश फिरवून बाहेर काढला, तर त्यावर काळपट, बुळबुळीत थर आला. साबण, टूथपेस्ट, दाढीचे केस, त्वचेचा मळ आणि तेल यांचा हा थर नळीच्या आतल्या अंगाला हळूहळू चढतो आणि त्यात जीवाणूंची वसाहत होते. केस त्याला जाळ्यासारखे धरून ठेवतात. वरून कितीही पाणी सोडले तरी तो निघत नाही, कारण पाणी त्याच्यावरून निसटून जाते. तो घासूनच काढावा लागतो.

याच बेसिनच्या वरच्या कडेखाली एक लहान छिद्र होते. बेसिन भरून वाहू नये म्हणून ठेवलेला हा मार्ग चिनी मातीच्या आतल्या पोकळीतून खाली निचऱ्याच्या तोंडाला मिळतो. वर्षानुवर्षे कोणी त्यात पाणीही घालत नाही, ब्रश तर दूरच. साबणाचा फेस मात्र त्यात शिरतो आणि तेथेच कुजतो. बाकी सारे स्वच्छ करूनही ज्या घरांत वास जात नाही, त्यांनी प्रथम हे छिद्र पाहावे. बाटली धुण्याचा सर्वांत बारीक ब्रश त्यात घालून फिरवावा आणि चेपून फवारा मारता येईल अशा बाटलीने सोड्याचे कोमट पाणी आत सोडावे.

तिसरे बेसिन जेवणघराबाहेरचे. त्याचा ट्रॅप भरलेला होता, तोंड स्वच्छ होते, तरी वास येतच होता. बेसिनच्या खाली वाकून पाहिले तेव्हा कारण दिसले. ट्रॅपपासून निघालेला लवचीक वेस्ट पाइप भिंतीतील मोठ्या नळीत नुसता खुपसून ठेवलेला होता आणि भोवताली बोटभर फट होती. ट्रॅप आपले काम चोख करीत होता, पण वास त्याला वळसा घालून फटीतून येत होता. हा दोष नव्या, महागड्या सदनिकांतही सर्रास आढळतो, कारण तो नजरेआड असतो आणि ताबा घेताना फरशी, रंग, दिवे सर्व तपासणारा गृहस्थ बेसिनखाली वाकत नाही. किरकोळ किमतीच्या रबरी कॉलरने ही फट बंद होते. पांढरे सिमेंट लिंपण्याची पद्धत आहे, परंतु ते तडकते आणि पुढे पाइप काढायचा झाल्यास फोडावे लागते. शिवाय घड्या असलेल्या लवचीक पाइपच्या प्रत्येक घडीत घाण अडकते. शक्य असेल तेथे गुळगुळीत नळी बसवावी.

कारण शोधण्यासाठी फार ज्ञान लागत नाही. वास नळाच्या पाण्यालाच आहे का, हे पाहण्यासाठी ग्लासभर पाणी घेऊन दुसऱ्या खोलीत जावे आणि तेथे हुंगावे. केवळ गरम पाण्याला वास असेल तर दोष गीझरमध्ये आहे. टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या मॅग्नेशियमच्या कांडीमुळे, विशेषतः बोअरवेलच्या पाण्यात, असा वास येऊ शकतो. पाणी निर्दोष असेल तर बेसिनमध्ये दोन मग ओतून थोडा वेळ थांबावे. वास गेला आणि घर बंद नसतानाही दोन-चार दिवसांत परत आला, तर ट्रॅप गळतो आहे किंवा त्यातील पाणी ओढले जाते आहे असे समजावे. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केले की आपल्या बेसिनमध्ये गुडगुड ऐकू येते का, याकडे लक्ष द्यावे. तसे असेल तर इमारतीच्या नळ्यांना हवा पुरवणारा पाइप तुंबलेला किंवा अपुरा आहे. हे काम एका घराचे नसून सोसायटीचे आहे.

डांबरगोळ्यांविषयी येथेच सांगितले पाहिजे, कारण त्या व्यापारी पेढीच्या बेसिनपासून मंगल कार्यालयापर्यंत सर्वत्र पडलेल्या दिसतात. त्यांनी दुर्गंध जात नाही; एका वासावर दुसरा वास चढतो इतकेच. नॅप्थलीनची वाफ श्वासावाटे शरीरात जाते, आणि ज्या बालकांमध्ये जी-६-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या रक्तपेशी तिच्यामुळे फुटू शकतात. तान्हे मूल असलेल्या घरात ही गोळी नसावी. दुसरा लोकप्रिय उपाय खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा. फसफसून फेस येतो आणि काही तरी घडले असे समाधान मिळते. वस्तुतः एक क्षारधर्मी आणि दुसरे आम्ल, दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते सोडियम ॲसिटेट मिसळलेले पाणी. फेसाने सैल कचरा थोडा हलत असेल, पण चढलेला थर निघत नाही.

तीव्र आम्ल आणि कॉस्टिक सोड्याची दाणेदार पावडर यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. आम्लाने ट्रॅपवरील मुलामा आणि आतले पितळ खाल्ले जाते, संगमरवरावर सांडले तर पाषाणच विरघळतो. कॉस्टिक सोडा पाण्यात पडताच इतका तापतो की पाणी उसळून अंगावर येऊ शकते. कमी पाण्यात तो नळीतच दगडासारखा बसतो. त्यानंतर जो कारागीर तो ट्रॅप उघडतो त्याच्या हातावर आणि डोळ्यांत हे पाणी उडते. आपण आत काय ओतले आहे हे त्याला न सांगणे हा निष्काळजीपणा आहे, आणि तो फार घरांत होतो.

जैन गृहस्थापुढे याहून एक वेगळा प्रश्न उभा राहतो. पन्नवणा सूत्रात संमूर्च्छिम मनुष्यांच्या उत्पत्तीची जी चौदा अशुचिस्थाने सांगितली आहेत त्यांत मल, मूत्र, कफ यांच्या जोडीने नगराच्या गटाराचाही स्वतंत्र उल्लेख आहे. अशा अशुचीत एका मुहूर्ताच्या आत, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत, एका सामायिकाच्या काळात जीवोत्पत्ती होते अशी परंपरेची धारणा आहे. त्याज्य वस्तू कोठे व कशी टाकावी याचा विचार साधुसाध्वींच्या पाच समितींपैकी शेवटच्या, उत्सर्ग अथवा पारिष्ठापनिका समितीत केलेला आहे. गृहस्थाला ती समिती तंतोतंत पाळता येणार नाही, पण जयणा त्यालाही सुटलेली नाही. आता गटारमाशीचे उदाहरण घ्यावे. स्नानगृहाच्या भिंतीवर बसणारी, पतंगासारख्या केसाळ पंखांची ही इवलीशी माशी बेसिनच्या आणि न्हाणी ट्रॅपच्या बुळबुळीत थरातच अंडी घालते. तिच्या अळ्या त्या थरावर वाढतात आणि उष्ण हवेत साधारण दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी बाहेर पडते. थर साचू दिला, माश्या झाल्या, मग आम्लाची बाटली ओतली, तर असंख्य जीवांचा घात झाला आणि त्याला स्वच्छता असे नाव दिले. थर चढूच दिला नाही तर तेथे अंडी घालण्यास जागाच राहत नाही. आम्लाची बाटली विकत घेण्यापूर्वीच हिंसा-अहिंसेचा निर्णय आठवड्याच्या त्या पाच मिनिटांच्या घासण्यात झालेला असतो. दररोज रोजमेळ जुळवणाऱ्याला वर्षअखेरीस वह्या धुंडाळाव्या लागत नाहीत, हे व्यापारी घरांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

उकळते पाणी मोरीत ओतू नये, थंड करून ओतावे, ही जुन्या श्राविकांची शिकवण जीवरक्षणाची होती. तिला आता एक व्यावहारिक आधारही मिळाला आहे. बेसिनखालच्या पीव्हीसी नळ्या साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडू लागतात आणि त्यांचे सांधे ढिले होतात. तेव्हा हाताला सोसेल इतकेच गरम पाणी घ्यावे. लिटरभर अशा पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा. साबणाचा व तेलाचा चिकटपणा त्याने सुटतो. जाळी काढून केस चिमट्याने उचलावेत आणि कोरड्या कचऱ्यात टाकावेत. ब्रशने तोंड व छिद्र घासावे, सोड्याचे पाणी ओतून दहा मिनिटे थांबावे, मग दोन-तीन मग साधे पाणी सोडावे. क्षारयुक्त पाण्याचा पांढरा खडा बसला असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी लिंबूसत्त्वाचे पाणी वापरावे. महिन्यातून एकदा खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपचा पेला हाताने फिरवून काढावा. हातमोजे असावेत. निघालेले पाणी पुन्हा त्याच बेसिनमध्ये न ओतता शौचकूपात टाकावे. पेला परत लावताना वॉशर जागेवर बसला आहे का ते बोटाने चाचपावे आणि नळ सोडून थेंब गळत नाही याची खात्री करावी.

ताट धुऊन पिण्याची आपली प्रथा पाळणाऱ्या घरात जेवणघराबाहेरचे बेसिन तुलनेने निर्मळ राहते. वरण, तूप आणि भाताची शिते त्यात जातच नाहीत. आयंबिलाच्या दिवसांत हे पाळणारी तरुण मंडळी इतर दिवशी मात्र भरल्या हाताने थेट बेसिन गाठतात.

इमारतीतील अनेक घरांत एकाच वेळी दुर्गंध येऊ लागला तर खालचा चेंबर तुंबला आहे असे समजावे. अशा वेळी सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांवर, आणि त्यांत आपल्या समाजाचे अनेक जण असतात, मोठी जबाबदारी येते. बेसिनमध्ये नुसता दर्प देणारा हायड्रोजन सल्फाइड बंद गटारात कोंडला की माणसाला क्षणात बेशुद्ध करतो, आणि तीव्र मात्रेत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे उतरणाऱ्याला इशाराही मिळत नाही. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत धोकादायक सफाईसाठी उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाईची रक्कम १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. काही हजार वाचवण्यासाठी एखाद्या मजुराला आत उतरवण्याचा विचारही कोणी करू नये. यंत्राची गाडी बोलवावी.

पुण्यातील त्या घरात आता बेसिनखाली आम्लाची बाटली नाही. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते, त्यासाठी कुटुंब पालिताण्याला निघाले तेव्हा सामान लिफ्टपाशी गेल्यावर आजी मागे थांबल्या. गॅस बंद, नळ बंद, वीज बंद हे पाहून झाले. मग त्यांनी सूनबाईंकडून तिन्ही बेसिनमध्ये आणि न्हाणी ट्रॅपमध्ये एकेक मग गाळलेले पाणी ओतून घेतले, बेसिनच्या तोंडांना रबरी बुचे लावली आणि किल्ली शेजारच्या बाईंकडे देताना सांगितले, ‘‘आठ दिवसांनी एकदा येऊन बुचं काढून नळ सोडा, आणि परत लावा.’’